बेनिटेझ एव्हर्टनच्या बाकावर? निळ्यांनो, बोला

टॉफीवाला
२८ जून २०२१, रात्री ११:४०

इथे एव्हर्टनवाले, म्हणजे लिव्हरपूल शहरातल्या निळ्या फुटबॉल क्लबचे समर्थक, बोटांवर मोजण्याइतके आहेत हे ठाऊक आहे, तरी धागा काढतोय. घरात या विषयावर बोलायला कुणी नाही आणि चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

१ जूनला आमचा मॅनेजर अँचेलोटी रेआल माद्रिदला निघून गेला. त्याचं दुःख होतंच. आता सगळीकडून एकच नाव येतंय: राफा बेनिटेझ. त्याच शहरातल्या लाल क्लबचा, लिव्हरपूलचा राफा बेनिटेझ.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००४ ते २०१० अशी सहा वर्षं हा माणूस स्टॅनली पार्कच्या पलीकडे, लिव्हरपूलच्या मॅनेजरच्या बाकावर बसला. २००५ मध्ये इस्तंबूलला मिलानविरुद्ध ०-३ अशा अवस्थेतून त्याने त्यांना चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. ते मी धरून बसत नाही, ते त्याचं कामच होतं. पण फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर डर्बी (या दोन क्लबांमधली लढत) ०-० सुटली आणि बाहेर येऊन त्याने आम्हाला 'लहान क्लब' म्हटलं. आमच्या तेव्हाच्या मॅनेजर मॉयेसच्या पोरांनी त्या दिवशी जीव तोडून बचाव केला होता.

१८७८ सालचा क्लब आहे हा. नऊ वेळा इंग्लंडचा विजेता. आणि अ‍ॅनफिल्ड तरी कुणाचं होतं? १८९२ मध्ये भाड्यावरून मैदानाच्या मालकाशी बिनसलं म्हणून आम्ही पार्क ओलांडून गूडिसन मैदानावर आलो. रिकामं पडलेलं मैदान वापरायला त्याच मालकाने जो नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. धाकट्याने थोरल्याला लहान म्हणायचं?

२००२ च्या ऑक्टोबरात सोळा वर्षांच्या रूनीने आर्सेनलला शेवटच्या मिनिटाला मारलेला गोल मी डोंबिवलीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितला, त्या दिवसापासून मी निळा आहे. १९९५ च्या एफए कपनंतर आम्ही एकही मोठा करंडक जिंकलेला नाही, तरी आजवर क्लबची लाज कधी वाटली नव्हती. आज पहिल्यांदा वाटतंय की वरच्या लोकांना आपण कोण आहोत हेच कळलेलं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

आकडेमोड
२९ जून २०२१, सकाळी ८:०५

मीही निळाच, पण माझं मत उलटं आहे.

बेनिटेझने व्हॅलेन्सियासारख्या क्लबला २००२ आणि २००४ अशा दोन ला लिगा (स्पॅनिश लीग) मिळवून दिल्या, रेआल आणि बार्सिलोना समोर असताना. न्यूकॅसल २०१६ मध्ये खालच्या विभागात घसरला, तेव्हा सोडून जाता आलं असतं. हा थांबला, पुढच्याच वर्षी विजेता म्हणून वर घेऊन आला. न्यूकॅसलच्या लोकांना विचारा, अजून डोळे भरून येतात त्यांचे.

आता आपली परिस्थिती बघा. २०१९-२० च्या हिशेबात जवळपास १४ कोटी पाउंडांचा तोटा. गेल्या हंगामात दहावा नंबर. खर्चाच्या नियमांमुळे या उन्हाळ्यात तिजोरीला कुलूप आहे. कमी पैशांत संघ बांधणारा, बचाव पक्का करणारा माणूस हवा. बाजारात त्याच्याहून बरा कोण मोकळा आहे, एक नाव सांगा.

चौदा वर्षांपूर्वीच्या एका वाक्यावरून माणूस नाकारायचा, हे मला पटत नाही.

पेठेतला गोली
२९ जून २०२१, सकाळी ९:३०

भावा आकडेमोड, तुझं गणित बरोबर हाय, पण कोल्हापूरच्या माणसाला हे पटवून दाखीव.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की दोन पेठा उठून मैदानात येत्यात. खेळाडू हितनं तितं जात्यात, नोंदणीच्या वेळी तालीम बदलत्यात, त्याचं कुणी वाईट मानत नाही. पोटापाण्याचं हाय. पण ज्यानं समोरच्या तालमीला कमी लेखलं, त्यालाच उद्या त्या तालमीच्या कट्ट्यावर आणून "ह्यो आता आपला वस्ताद" म्हटलं, तर म्हातारी माणसं उठून घरी जातील. भांडणार पण नाहीत. उठून जातील.

मी एव्हर्टनचा न्हाय, पण टॉफीवालाचं दुखणं मला कळतंय.

मर्सीकाठचा
२९ जून २०२१, दुपारी ४:१५

मी लिव्हरपूलसमोर मर्सी नदीपलीकडच्या विरलमध्ये राहतो, इथल्या एका रुग्णालयात काम करतो. नदीच्या या बाजूचं चित्र सांगतो.

एकाच घरात बाप निळा आणि मुलगा लाल, हे इथे रोजचं आहे. वॉर्डात सोमवारी सकाळी आदल्या दिवशीचा निकाल पेशंटच्या चेहऱ्यावर वाचता येतो. त्यामुळे बाहेरून वाटतो तसला द्वेष इथे नाही. पण १९८५ अजून मनात आहे. त्या वर्षी एव्हर्टन इंग्लंडचा विजेता होता, युरोपात कप विनर्स कप जिंकलेला होता, युरोपातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक. मग लिव्हरपूलच्या युरोपियन कप अंतिम सामन्यात ब्रसेल्सला हेझेल मैदानावरची दुर्घटना झाली, ३९ माणसं गेली, इंग्लिश क्लबांवर बंदी आली, आणि तो संघ युरोपियन कप न खेळताच विखुरला. त्या माणसांच्या मृत्यूपुढे फुटबॉलचं नुकसान काहीच नाही, हे इथले निळे आधी सांगतात, आणि मग गप्प बसतात. बेनिटेझचा त्या काळाशी काही संबंध नाही. पण जुन्या जखमेवर कुणाचा हात पडतोय याने फरक पडतो.

आमचे शेजारी सत्तरीचे आहेत, गूडिसनचं हंगामी तिकीट त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. काल म्हणाले, तो असेपर्यंत मी पाऊल टाकणार नाही.

दुसरी बाजूही सांगतो. बेनिटेझचं कुटुंब इतकी वर्षं इथेच, विरलमध्ये राहतंय. २०१० ला लिव्हरपूल सोडताना त्याने १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूल समर्थकांच्या कुटुंबांच्या संघटनेला ९६ हजार पाउंड दिले होते, प्रत्येक मृतामागे एक हजार. माणूस म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलणारं इथे फारसं कुणी भेटत नाही.

आणि एक वाईट बातमी. त्याच्या घराच्या परिसरात कुणीतरी चादरीवर धमकी रंगवून लावली: तू कुठे राहतोस ते आम्हाला माहीत आहे, सही करू नकोस. पोलीस चौकशी करताहेत.

टॉफीवाला
२९ जून २०२१, सायंकाळी ६:५०

धमकीचं वाचून शरम वाटली. त्या घरात बायका-मुलं आहेत. माझा विरोध आहे, राहील, पण असल्या माणसांबरोबर मला मोजू नका.

संपादक मंडळ
२९ जून २०२१, रात्री ८:००

धमकीचं कोणत्याही शब्दांत समर्थन करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा चालू ठेवा.

इस्तंबूलची रात्र
३० जून २०२१, रात्री ९:२०

झालं जाहीर. तीन वर्षांचा करार.

मी लिव्हरपूलचा आहे, धाग्यावर उपरा आहे हे मान्य. पण हे एकदा लिहू द्या. २५ मे २००५ च्या रात्री मी बारावीत होतो. मध्यंतराला ०-३ झाल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला, मी पुन्हा लावला. त्या रात्रीचा माणूस म्हणजे राफा. आज निळ्या मफलरसोबतचा त्याचा फोटो बघितला आणि पोटात तुटलं. तुम्हाला वाटत असेल आम्ही मजा बघतोय. नाही हो. आमच्याकडूनही काहीतरी गेलंय आज.

आकडेमोड
३० जून २०२१, रात्री १०:०५

माहितीसाठी: दोन्ही क्लबांची सूत्रं हाती घेतलेला याआधीचा एकच माणूस, विल्यम बार्कले, तोही १८९० च्या दशकात. सव्वाशे वर्षांत दुसरा हाच.

मालक मोशिरीने नेमलेला हा पाचवा मॅनेजर. कूमन, अ‍ॅलरडाइस, सिल्व्हा, अँचेलोटी आणि हा. २०१६ पासून पाच वर्षांत पाच, आणि पाचही वेगवेगळ्या पद्धतीचे. एकाने आणलेले खेळाडू दुसऱ्याला नकोत. राग काढायचाच असेल तर तो मालकावर काढा.

टॉफीवाला
३० जून २०२१, रात्री ११:३०

यावर मात्र शंभर टक्के सहमत.

रात्रपाळी
१ जुलै २०२१, पहाटे ३:१०

मी चेल्सीची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आम्ही हेच भोगलंय, याच माणसाबरोबर. लिव्हरपूलला असताना तो आमच्या झेंड्यांबद्दल लागेल असं बोलला होता. त्यात आमच्या मॅनेजर डी मात्तेओला काढून त्याला आणला. पहिल्या सामन्याला मँचेस्टर सिटीविरुद्ध आमच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानाने त्याची जी हुर्यो उडवली, ती घरच्या मॅनेजरसाठी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

मे महिन्यात युरोपा लीग जिंकून दिली, तिसरा नंबर आणला. आणि तो गेला तेव्हा बहुतेकांना हायसं वाटलं. मलाही. आज त्याचं वाईट वाटतं, काम चोख केलं होतं त्याने. पण आमच्याकडे तो हंगाम संपेपर्यंतच होता, दोन्हीकडच्यांना माहीत होतं की मे मध्ये सुटका आहे. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत.

मांडवीतीर
१ जुलै २०२१, सकाळी १०:४५

आमचं दुःख याच्या उलट. आमच्या प्रशिक्षक लोबेराला एफसी गोवाने जानेवारी २०२० मध्ये काढलं, संघ पहिल्या नंबरावर असताना. तो मुंबई सिटीला गेला, फॉल, जाहू, बूमूस, मंदार हे खेळाडू सगळे पाठोपाठ गेले, आणि यंदा मार्चमध्ये उपांत्य फेरीत त्यांनीच आम्हाला पेनल्टीवर बाहेर काढलं. आपलं माणूस समोरच्या बाकावर बघणं जास्त वाईट, की समोरचं आपल्या बाकावर बघणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मर्सीकाठचा
१५ ऑगस्ट २०२१, दुपारी १:३०

काल साउदॅम्प्टनविरुद्ध गूडिसनला होतो. मार्च २०२० नंतर पहिल्यांदा मैदान गच्च भरलं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, वर्षभरात कुणाचं कोण गेलं ते विचारत होते. बेनिटेझ बाहेर आला तेव्हा ना जयजयकार झाला ना शिव्या. त्याच्या नावाचं गाणं कुणी म्हटलं नाही. ०-१ पिछाडीवरून ३-१ जिंकलो.

शेजारी घरीच थांबले. रेडिओ मात्र चालू होता, भिंतीपलीकडून ऐकू येत होता म्हणे बायकोला.

आकडेमोड
१४ सप्टेंबर २०२१, सकाळी ७:४०

धागा वर काढतोय. चार सामने, १० गुण. काल बर्नलीविरुद्ध सात मिनिटांत तीन गोल. डिमराय ग्रे अवघ्या १७ लाख पाउंडांना आणलेला, टाउनसेंड फुकट, आणि तेच दोघं संघ ओढताहेत. टॉफीवाला, आता बोला.

टॉफीवाला
१४ सप्टेंबर २०२१, सकाळी ९:१५

बोलतो. खेळ आवडतोय. चेंडू पटकन पुढे जातोय, बाजूने क्रॉस येताहेत, पोरं धावताहेत. टाउनसेंडचा पंचवीस यार्डांवरून गेलेला गोल बघून मी सोफ्यावरून उठलो. माझं चुकलं असेल तर कबूल करायला मला कमीपणा वाटणार नाही. चुकलं असेल अशीच आशा आहे.

टॉफीवाला
२३ ऑक्टोबर २०२१, रात्री १०:००

वॉटफर्ड. घरच्या मैदानावर. ७८व्या मिनिटापर्यंत २-१ पुढे होतो, संपलं २-५. जोश किंगची हॅटट्रिक, जो कधीकाळी आपल्याचकडे होता. लेक विचारत होती बाबा तुम्ही का गप्प.

आकडेमोड
२४ ऑक्टोबर २०२१, सकाळी ८:३०

कॅल्व्हर्ट-लुइन ऑगस्टपासून बाहेर, डूकुरे पायाचं हाड मोडून बाहेर, रिचार्लिसन कालच बाकावरून परत आलाय. कणा काढून घेतला की कुठलाही संघ असाच कोसळतो.

इस्तंबूलची रात्र
२ डिसेंबर २०२१, पहाटे ४:००

डर्बी लिव्हरपूलने ४-१ जिंकली. आज मी काहीच बोलत नाही.

टॉफीवाला
२ डिसेंबर २०२१, पहाटे ४:४०

पावणेदोनला अलार्म लावून उठलो होतो. एकोणिसाव्या मिनिटाला ०-२. ग्रेने एक परत केला तेव्हा दोन मिनिटं वाटलं की काहीतरी होईल. मग कोलमनच्या पायातून चेंडू निसटला आणि त्यांचा सालाह एकटाच निघाला. कोलमन. ६० हजार पाउंडांत आलेला, बारा वर्षं छातीवर हाच बिल्ला असलेला कप्तान. त्याचा चेहरा कॅमेऱ्याने दाखवला, मला बघवला नाही.

मला एकच गोष्ट मांडायची आहे, ती आज नीट सुचतेय.

२००३-०४ मध्ये मॉयेसचा संघ सतरावा आला होता. ३९ गुण. शेवटच्या सामन्यांत तर लाजिरवाणा खेळ. तरी गूडिसन त्याच्यावर उलटलं नाही, आणि पुढच्याच वर्षी तोच माणूस चौथ्या नंबरावर घेऊन आला. का नाही उलटलं? २००२ मध्ये आल्या दिवशी तो म्हणाला होता की रस्त्यावर भेटणारी माणसं एव्हर्टनची आहेत, हा लोकांचा क्लब आहे. त्या एका वाक्याने त्याच्या नावावर पुंजी जमा झाली. वाईट दिवस आले तेव्हा ती खर्च करता आली.

मॅनेजर म्हटला की वाईट दिवस येणारच. दुखापती होणार, पोरांच्या चुका होणार. त्या दिवसांत लोक त्या पुंजीतून देतात. बेनिटेझचं खातं पहिल्या दिवशीच उधारीवर होतं, २००७ च्या त्या दोन शब्दांमुळे. जिंकत होता तोवर कुणी हिशेब मागितला नाही. आकडेमोड, तू म्हणतोस दुखापतींमुळे हरलो. खरं आहे. पण दुसरा कुणी असता तर आपण म्हटलं असतं, बिचारा काय करणार, माणसंच नाहीत हाताशी. याला असं कोण म्हणणार? मीसुद्धा म्हटलं नाही, आणि मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला होता.

त्याला आणणाऱ्यांना हे कळायला हवं होतं. यात त्या माणसाचंही नुकसान झालं.

आकडेमोड
२ डिसेंबर २०२१, सकाळी १०:१०

विचार करायला लावणारं लिहिलंस. तरी दोन मुद्दे.

जॉर्ज ग्रॅहम आर्सेनलचा, १९९८ ला टॉटनहॅमने आणला. पहिल्याच हंगामात लीग कप जिंकून दिला, तरी लोकांनी त्याला आपलं म्हटलं नाही. हे तुझ्या बाजूचं उदाहरण. पण सिल्व्हाच्या नावावर तर कसली उधारी नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर ५-२ झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढला. म्हणजे पुंजी असो वा नसो, हा मालक कुणालाच वेळ देत नाही. मॉयेसला अकरा वर्षं मिळाली ती फक्त गूडिसनने दिली नाहीत, वरच्या खोलीनेही दिली.

पेठेतला गोली
२ डिसेंबर २०२१, सकाळी ११:००

दोघंबी बरोबर हायसा.

मर्सीकाठचा
७ डिसेंबर २०२१, सकाळी ११:३०

काल आर्सेनलविरुद्ध सत्ताविसाव्या मिनिटाला काही लोक ठरल्याप्रमाणे उठून बाहेर गेले. शेवटच्या मोठ्या करंडकाला सत्ताविसावं वर्ष लागलंय म्हणून सत्तावीस. मी उठलो नाही. उठणारे थोडे होते, पण ज्या रांगांमधून ते गेले तिथल्या कुणी त्यांना अडवलंही नाही. आदल्याच दिवशी फुटबॉल संचालक ब्रँड्स पायउतार झालेला.

मग ९२व्या मिनिटाला ग्रेने बाहेरून असा काही मारला की पोस्टला लागून आत. २-१. अनोळखी माणसाने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. हे मैदान अजून जिवंत आहे, एवढं घरी येताना नक्की वाटलं.

टॉफीवाला
१३ जानेवारी २०२२, रात्री ११:००

दिन्येला अ‍ॅस्टन व्हिलाला विकला. सुमारे अडीच कोटी पाउंड. आपला सगळ्यात चांगला क्रॉस देणारा पाय. मॅनेजरशी खेळाच्या पद्धतीवरून पटेना, महिनाभर संघाबाहेर ठेवला, आणि आता विकला. भांडण झालं की मॅनेजरचंच ऐकायचं, हे क्लबने ठरवलं. ठीक आहे. मग आता त्याच्यामागे उभे तरी राहा.

आकडेमोड
१६ जानेवारी २०२२, रात्री ९:४५

उभे राहिले नाहीत. तीन दिवसांत काढला.

काल नॉर्विचकडे १-२. सलग सहा लीग सामने हरलेल्या नॉर्विचकडे. अठरा मिनिटांत ०-२, त्यातला पहिला कीनचा स्वयंगोल.

हिशेब मांडून धागा माझ्याकडून संपवतो. पहिले सात सामने १४ गुण, पुढचे बारा सामने ५ गुण. १९ सामन्यांत १९ गुण, सोळावा नंबर. मी जूनमध्ये इथे जे लिहिलं ते पुन्हा वाचलं. त्याच्या कामाबद्दल लिहिलेलं मला अजूनही खरं वाटतं. लोकांचा भाग मी हिशेबात धरलाच नव्हता.

इस्तंबूलची रात्र
१६ जानेवारी २०२२, रात्री १०:२०

तो विरलच्या घरी परत जाईल. कोपऱ्यावरच्या दुकानात लालही भेटतील, निळेही. त्याच्याशी कुणी वाईट वागू नये एवढंच वाटतं.

मर्सीकाठचा
२२ जानेवारी २०२२, रात्री ११:५०

शेजारी आज मैदानावर गेले. सकाळी नऊलाच दार वाजवलं, वडिलांची जुनी मफलर गळ्यात, म्हणाले चल. बसमध्ये खिडकीशी बसून सगळ्यांना हात करत होते, जणू परगावाहून आलेत. क्लबचा जुना खेळाडू डंकन फर्ग्युसन तात्पुरता मॅनेजर म्हणून मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला तेव्हा अख्खं गूडिसन उठलं, आणि हे गृहस्थ दोन्ही हात वर करून नुसते उभे. ओरडायला आवाज फुटेना.

सामना अ‍ॅस्टन व्हिलाशी होता. मध्यंतराच्या तोंडावर त्यांना कॉर्नर मिळाला. घ्यायला आला दिन्ये. बुएंदियाने डोकं लावलं. ०-१, आणि तेच शेवटपर्यंत.

परतताना शेजारी बराच वेळ बोलले नाहीत. मग घराशी आल्यावर कुलपाला किल्ली लावत म्हणाले, पुढच्या घरच्या सामन्यालाही याच वेळी निघू.